शेजारातून घडणारा षट्कोन

नागपूरच्या प्रताप नगरात, किंवा पलीकडे त्रिमूर्तीनगर, खामला, जयताळ्याकडे, चार-पाच मजली फ्लॅट स्कीमच्या मागच्या बाजूला उभे राहून मान वर केली, तर चार वेगळ्या कारागिरांची बांधकामे एकाच इमारतीवर दिसू शकतात. वरच्या स्लॅबखाली आग्या मोहोळाचे काळपट, अर्धगोल पोळे लटकलेले असते. खिडकीच्या छज्ज्याखाली एका बारीक देठाला उलटे टांगलेले राखाडी घरटे गांधीलमाशीचे. मीटरच्या पेटीमागे किंवा चौकटीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीने चिकटवलेली मातीची मडकी असतात. आणि जुन्या विटांच्या भिंतीतल्या एखाद्या भेगेतून मेण आणि झाडाचा चीक यांची बोटभर नळी बाहेर आलेली असेल, तर तिच्या आत गव्हाच्या दाण्याहून लहान, डंख नसलेल्या मधमाश्यांचा संसार चाललेला असतो. यांतली पहिली दोन बांधकामे षट्कोनी घरांची आहेत. कुंभारणीची मडकी गोल असतात, आणि बिनडंखी माश्या मध साठवतात तीही गोल बुडकुल्यांत. पोळ्याच्या भूमितीवर दोन हजार वर्षे वाद चालू आहे. त्याचा निकाल लावायला लागणारा बराचसा पुरावा या एका भिंतीवर मांडून ठेवलेला आहे.

पोळ्याच्या षट्कोनाबद्दल दोन समजुती फार पसरलेल्या आहेत. पहिली जुनी आणि भाविक. तिच्या मते माशी जन्मतःच भूमिती शिकून येते आणि कमीत कमी मेणात जास्तीत जास्त मध मावण्याचे गणित तिने सोडवलेले असते. दुसरी अलीकडची. ती म्हणते, माशी फक्त गोल नळ्या बांधते. उबेने मऊ झालेले मेण आपोआप ताणले जाऊन त्या नळ्यांचे षट्कोन होतात. एकीत सगळे श्रेय माशीच्या डोक्याला, दुसरीत सगळे मेणाला. माझे म्हणणे असे की पुरावा नीट पाहिला तर दोन्ही समजुती अपुऱ्या पडतात. षट्कोनातला सहा हा आकडा सपाटीवर दाटीने भिंती घालण्यातून येतो. तो माशीला ठाऊक असण्याची गरज नाही. पण ती घरे एकसारखी होतात, त्यांच्या भिंती सरळ आणि सारख्या जाडीच्या होतात, ते माशीच्या अंगाचे माप, तिचा स्पर्श आणि शेजारी काम करणाऱ्या दुसऱ्या माशीशी तिची घडणारी तडजोड यांमुळे. हे दोन भाग वेगळे केले की बराच गोंधळ निवळतो.

आधी गणिताचे काय आहे ते पाहू. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात पॅपस नावाचा गणिती होऊन गेला. एकाच नियमित आकृतीने सपाटी फटी न ठेवता भरायची असेल तर समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन हे तीनच पर्याय उरतात, आणि त्यांत सारख्या परिघात षट्कोन सर्वांत जास्त जागा घेतो, हे सांगून त्याने त्याचे श्रेय माशीच्या भूमितीच्या जाणिवेला दिले. तीनच पर्याय का, हे शाळेतल्या भूमितीने समजते. एका बिंदूभोवती ३६० अंश भरायचे असतात. ६० अंशांचे सहा कोन बसतात, ९० चे चार बसतात, १२० चे तीन बसतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, तो कसाही लावला तरी फट राहते. आता प्रत्येक घराचे तोंड एक चौरस सेंटिमीटर आहे असे धरू. त्रिकोणाला ४.५६ सेंटिमीटर कुंपण लागते, चौरसाला ४, षट्कोनाला ३.७२. म्हणजे चौरसाच्या तुलनेत सुमारे ७ टक्के आणि त्रिकोणाच्या तुलनेत सुमारे १८ टक्के बचत. एकटे वर्तुळ याहूनही काटकसरी, ३.५४ सेंटिमीटरचे, पण वर्तुळे एकमेकांना खेटून ठेवली तरी मधे ९ टक्क्यांवर जागा फुकट जाते आणि दोन वर्तुळांना एक भिंत सामाईक धरता येत नाही. पोळ्यात भिंत वाटून घेता येते, हाच सगळ्या हिशेबाचा गाभा आहे.

ही काटकसर माशीला परवडणारी चैन नाही, तिची गरज आहे. मेण बाहेरून आणता येत नाही. कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात, त्यांतून मेणाचे पातळ खवले निघतात, आणि ते मेण तयार व्हायला मध खर्ची पडतो. मधपाळ मंडळी किलोभर मेणामागे सहा ते आठ किलो मध असा अंदाज धरतात. तो मध गोळा करायला फुलांच्या किती खेपा लागत असतील, याची कल्पना संत्र्याचा आंबिया बहार पाहिलेल्या नागपूरकराला करता येईल. म्हणूनच पाश्चात्त्य मधमाशीच्या पोळ्यातली भिंत वहीच्या पानाएवढी, ०.०७ मिलिमीटरच्या आसपास जाड असते, आणि तिच्यावर किलोंनी मध तोलला जातो.

पॅपसचे म्हणणे पूर्ण सिद्ध व्हायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. त्याने फक्त नियमित आकृत्यांची तुलना केली होती. वेगवेगळ्या आकृत्या मिसळल्या तर? भिंती वाकड्या केल्या तर? एका बाजूला फुगलेल्या भिंतीने एका घराचा फायदा होतो, शेजाऱ्याचा तोटा होतो. हा जमाखर्च शेवटी कुठे बसतो ते दाखवणे फार अवघड होते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील टॉमस हेल्स यांनी ते दाखवले: सारख्या क्षेत्रफळाची घरे करायची असतील तर नियमित षट्कोनांच्या जाळीपेक्षा कमी भिंतीत कोणत्याही आकृतीने काम होत नाही. आपल्याकडच्या गणितातही माश्यांना स्थान आहे, पण वेगळे. पाटणादेवीच्या शिलालेखामुळे खानदेशाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त भुंग्यांचा थवा फुलाफुलांवर वाटला जातो आणि एकूण भुंगे किती हे विचारले जाते. उत्तर येते १५. तिथे भुंगे मोजायचे आहेत, त्यांच्याकडून भूमितीचा दाखला घ्यायचा नाही. मला हा संयम आवडतो. कारण हेल्स यांचे प्रमेय निकाल देते ते बांधून झालेल्या भिंतींबद्दल, त्याही जाडी नसलेल्या आणि अंतहीन सपाटीवरच्या. त्या भिंती कोणी आणि कशा बांधल्या, याबद्दल त्या प्रमेयात एक अक्षरही नाही.

माशीला गणिती ठरवण्याचा उत्साह कुठवर जातो, हे पोळ्याच्या तळाच्या कथेतून कळते. पोळे दुहेरी असते. दोन्ही बाजूंना घरे आणि मधे एकच सामाईक तळ. हा तळ सपाट नसतो. प्रत्येक घराचा तळ तीन समभुज चौकोनांचा, किंचित टोकदार असतो आणि ते तीन चौकोन पलीकडच्या तीन वेगवेगळ्या घरांचेही तळ असतात. १७१२ मध्ये पॅरिसमध्ये माराल्दी यांनी या चौकोनाचे कोन १०९ अंश २८ मिनिटे आणि ७० अंश ३२ मिनिटे असल्याचे लिहिले. पुढे रेओम्यूर यांनी सॅम्युएल कोनिग या गणितज्ञाला विचारले की कमीत कमी मेण लागावे असा तळ कोणत्या कोनांचा हवा. १७३९ मध्ये कोनिग यांचे उत्तर आले १०९ अंश २६ मिनिटे. मग १७४३ मध्ये स्कॉटलंडच्या मॅक्लॉरिन यांनी गणित पुन्हा करून १०९ अंश २८ मिनिटे हेच बरोबर असल्याचे दाखवले. एवढ्यावर एक कथा रचली गेली: गणितज्ञ चुकला, माशी बरोबर ठरली. ही कथा आजही मोठ्या कौतुकाने सांगितली जाते आणि ती ऐकायला सुंदर आहे. पण मऊ मेणाचा कोन अंशाच्या साठाव्या भागापर्यंत मोजता येईल असे साधन तेव्हा नव्हते, आणि पोळ्यातले कोन एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्याहून कितीतरी जास्त बदलतात. माराल्दी यांचा नेमका आकडा मोजणीतून नव्हे, सगळे कोन समान धरून केलेल्या आकडेमोडीतून आला होता, हे डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्याच्याही आधी, १८६६ मध्ये, अमेरिकेतल्या जेफ्रीज वायमन यांनी खऱ्या पोळ्यातली घरे मोजली तेव्हा अगदी निर्दोष घर क्वचितच हाती लागले. शेवटचा धक्का १९६४ मध्ये हंगेरीच्या फेयेश तोथ यांनी दिला: तीन समभुज चौकोनांऐवजी दोन षट्कोन आणि दोन समभुज चौकोन वापरून केलेल्या तळाला याहूनही कमी मेण लागते. बचत अगदी किरकोळ आहे, घराच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या ०.३५ टक्क्यांहूनही कमी. तरी माशीने सर्वोत्तम उत्तर शोधले हा दावा तिथे संपतो. तळाला तीन चौकोन येतात ते पलीकडे तीन शेजारी असतात म्हणून. दोन्ही बाजूंची घरे एकमेकांपासून अर्ध्या घराने सरकलेली असतात आणि प्रत्येक माशी आपल्या तीन पलीकडच्या शेजाऱ्यांशी भिंत वाटून घेते. कोन त्या वाटणीतून पडतात.

इथे दुसरी समजूत पुढे येते. माशी गणित करत नसेल तर आकार भौतिक नियमांतूनच येत असला पाहिजे. दोन गोल साबणाचे फुगे चिकटले की मधे सपाट पडदा तयार होतो, तसेच मेणाचे. या म्हणण्याला वजन आहे आणि ते प्रयोगांवर उभे आहे. २००४ मध्ये ख्रिश्चन पिर्क आणि सहकाऱ्यांनी मेण उबेने वाहू लागते आणि गोल साच्यांभोवती षट्कोनी आकार घेऊ शकते असे मांडले. २०१३ मध्ये करीहालू आणि सहकाऱ्यांनी बांधकाम चालू असताना धूर करून माश्या बाजूला केल्या आणि नव्या घरांची छायाचित्रे घेतली. ताजी घरे गोलसर होती आणि दोन दिवसांची घरे गोलाव्याच्या कोपऱ्यांचे षट्कोन झाली होती. निरीक्षण खरे आहे. त्यातून काढलेला अर्थ मात्र त्याच वर्षी बावर आणि बीनेफेल्ड यांनी तपासला. त्यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बांधकाम पाहिले, तेव्हा मेण वाहू लागेल अशी ऊब तिथे आढळली नाही. माश्या भिंती स्वतः घडवताना दिसल्या. गोल घर दोन दिवसांनी षट्कोनी दिसले, तर त्या दोन दिवसांत तिथे मेण होते तशा माश्याही होत्या. नुसती आधीची आणि नंतरची छायाचित्रे पाहून यांतल्या कोणाचे काम ते ठरत नाही.

नागपूरचे ऊन या प्रश्नावर आपली साक्ष देते. २३ मे २०१३ रोजी या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तो सावलीतला. उन्हातला स्लॅब त्याहून बराच तापतो. मेण पस्तीस-चाळीस अंशांना मऊ होऊ लागते आणि बासष्ट ते पासष्टच्या दरम्यान वितळते. उष्णता हाच खरा शिल्पकार असता, तर माश्या सोडून गेलेले रिकामे पोळे मे महिन्यात गच्चीवर ठेवल्यावर त्याच्या भिंती आणखी सरळ व्हायला हव्या होत्या. होते उलटे. ते झुकते, खचते, शेवटी त्याचा गोळा होतो. मधपाळ जुनी पोळी काचेच्या झाकणाच्या पेटीत उन्हात ठेवून मेण गाळतात, ते याच्याच भरवशावर. ऊन मेण मऊ करते, म्हणजे ते घडवण्याजोगे करते. घडवायला माशी लागते. मोहोळातल्या माश्या तर उन्हाळ्यात पाणी आणून आणि पंख हलवून पोळे थंड ठेवण्याची धडपड करत असतात.

आता पुन्हा त्या चार बांधकामांकडे येऊ, कारण मेणाच्या बाजूने केलेल्या युक्तिवादाचे सर्वांत स्वच्छ उत्तर तिथे आहे. गांधीलमाशीच्या घरट्यात मेण नावालाही नाही. ती वाळक्या लाकडाचा, काडीचा पृष्ठभाग खरवडते, लाळेत चघळून लगदा करते आणि त्याच्या पट्ट्या लावत जाते. तो लगदा वाळला की कागद होतो. कागद उबेने वाहत नाही, ताणाने सरळ होत नाही. तरीही घरे षट्कोनी. आणि भेगेतल्या डंख नसलेल्या मधमाशीकडे मेण आहे, चिकाने मऊ केलेले, उबदार अंधारातले. तरीही तिची मधाची बुडकुली गोल. म्हणजे मेण असून षट्कोन नाही आणि षट्कोन असून मेण नाही. वस्तूला कारण ठरवणारा कोणताही युक्तिवाद या दोन उदाहरणांमधून वाट काढू शकत नाही. मग फरक कशात आहे? कुंभारीण एकटी राहते, तिचे मडके कोणाला टेकत नाही, ते गोल. बिनडंखी माशीची बुडकुली सैल घोसात असतात, तीही गोल. गांधील आणि मधमाशी घराला घर लावून बांधतात, तिथे षट्कोन. याहून बारकावा डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात टिपला होता. मेक्सिकोतल्या मेलिपोना या बिनडंखी माशीच्या मधाच्या गोल कोठ्या एकमेकींत शिरतील इतक्या जवळ येतात तेव्हा माशी तिथे गोल पूर्ण न करता मधे एक सपाट भिंत घालते. तीन शेजारी भेटले की तीन भिंतींचे टोक होते. गोल मडके आणि षट्कोनी पोळे यांच्यामधली ही पायरी आहे, आणि ती पायरी शेजाराची आहे.

सहाच का, याचे उत्तर सपाटीच्या गणितात आहे आणि ते ऑयलर यांच्या प्रसिद्ध सूत्रातून निघते. भिंतींच्या जाळीत प्रत्येक सांध्यावर तीन भिंती मिळत असतील आणि जाळी पुरेशी मोठी असेल, तर घरांच्या बाजूंची सरासरी सहाच येते. घरे लहानमोठी असोत, वेडीवाकडी असोत, सरासरी हलत नाही. दोन काचांमध्ये साबणाचा फेस दाबून पाहिला तर कुठे चार बाजूंचे, कुठे आठ बाजूंचे बुडबुडे दिसतात आणि तरी सरासरी सहाच्या आसपास राहते. मग फेसात नाही ते पोळ्यात काय आहे? सारखेपणा. फेसाला सरासरी सहा मिळतात. पोळ्यात जवळजवळ प्रत्येक घराला सहा मिळतात. सहा फुकट आहेत, सारखेपणा कमवावा लागतो, आणि तो कमावते माशी.

ती तो कसा कमावते, हे पाहणाऱ्यांत मला सर्वांत मोठे वाटतात जिनिव्हाचे फ्रांस्वा युबेर. ते अंध होते. त्यांचे सेवक बुर्नांस काचेच्या पेटीत डोळे लावून बसत, युबेर प्रश्न विचारत आणि नोंदी तपासत. पोळ्याची सुरुवात जाळीने होत नाही, मेणाच्या एका ओबडधोबड ठोकळ्याने होते आणि त्यात माश्या दोन्ही बाजूंनी खळगे कोरतात, हे या दोघांनी दाखवले. डार्विन यांनी पुढे जाऊन माश्यांना मेणाची जाड पट्टी दिली. माश्यांनी तिच्यात गोल खळगे कोरायला घेतले. शेजारचे खळगे एकमेकांना भिडले की कोरणे थांबले आणि भिडण्याच्या रेषेवर सरळ भिंत उभी राहू लागली. मग त्यांनी हिंगुळाने रंगवलेली अगदी पातळ पट्टी दिली. तिच्यात दोन्ही बाजूंनी खळगे खोल केले असते तर ते आरपार गेले असते. माश्या वेळीच थांबल्या आणि मधे हिंगुळी मेणाचा पातळ पापुद्रा राहिला. पलीकडे कोणी खणते आहे आणि भिंत किती उरली आहे, हे अंधारात त्यांना कळत होते. कसे, याचा शोध १९६६ मध्ये मार्टिन आणि लिंडाउअर यांनी घेतला. माशी जबड्याने भिंत दाबते आणि ती किती परत उसळते ते शृंगिकांच्या टोकांनी चाचपते. ती टोके काढून टाकलेल्या माश्यांनी बांधलेल्या भिंती कमीजास्त जाडीच्या आणि भोके पडलेल्या निघाल्या. मानेवरच्या केसांच्या गाद्यांनी त्यांना उभे-आडवे कळते. म्हणजे माशीकडे पट्टी आहे, ओळंबा आहे, जाडी मोजण्याचे साधन आहे. सगळे तिच्या अंगातच.

अंगाचे माप बदलले की घराचे माप बदलते, हे महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाहता येते. झुडपातल्या फुलोरी माशीचे घर तीन मिलिमीटरच्या आसपास रुंद, ढोलीतल्या सातेरीचे साडेचारच्या आसपास, आग्याचे साडेपाचच्या आसपास. पेटीत माश्या पाळणारे चौकटीत मेणपत्रा लावतात. घरांचे ठसे उठवलेला हा पत्रा १८५७ मध्ये जर्मनीत मेहरिंग यांनी काढला. पाश्चात्त्य माशीच्या मापाचा पत्रा सातेरीला दिला तर तो तिच्या अंगाला मोठा पडतो. तिला तिच्या मापाचाच पत्रा द्यावा लागतो. फुलोरी तर षट्कोनाच्या साच्याची कल्पनाच मोडून काढते. ती काडीभोवती पोळ्याचा माथा गुंडाळते, तिथली घरे काडीपासून बाहेर फाकत जातात आणि तळापेक्षा तोंडाशी रुंद होतात. वळलेल्या पृष्ठभागावर तंतोतंत षट्कोनी नळी बसत नाही, आणि माशीचे त्यावाचून काही अडत नाही.

या मांडणीवर सर्वांत अवघड आक्षेप असा: माशी फक्त लगतच्या भिंतीला दाद देत असेल, तर पुढे येणारी अडचण तिला आधी कळायला नको. पण ती कळते असे दिसते. सातेरी आणि पाश्चात्त्य माशीत नरांची घरे कामकरीच्या घरांपेक्षा मोठी असतात. लहान घरांची जाळी संपून मोठ्या घरांची सुरू होते तिथे जोड जुळत नाही. मायकेल स्मिथ, नील्स नॅप आणि कर्स्टिन पीटरसन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा जोडांवरची घरे मोजली. जोड येण्याच्या आधीपासूनच माश्या मधल्या मापाची घरे घालू लागतात आणि पाच बाजूंच्या घराला सात बाजूंचे घर जोडून तफावत मुरवतात. पाच आणि सात मिळून सरासरी सहा, ऑयलर यांच्या हिशेबाप्रमाणेच. हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याने माझे म्हणणे सुधारावे लागते: शेजार म्हणजे केवळ एक भिंत नव्हे, माशी चालत, चाचपत जाते तेवढा सगळा परिसर. काही घरांपलीकडची उणीव तिला जाणवते आणि ती हातातल्या घराचे माप बदलते. पण यातून मेणाची बाजू वर येत नाही, आणखी खाली जाते. पुढच्या जोडासाठी आधीपासून माप बदलणे वाहत्या मेणाला शक्य नाही. आणि आराखड्याची बाजूही वर येत नाही. डोक्यात नियमित षट्कोन घेऊन बसलेल्या कारागिराने पाच बाजूंचे घर बांधलेच नसते. २०२३ मध्ये याच दिशेच्या पुढच्या अभ्यासात कागदी घरटी बांधणाऱ्या गांधीलवर्गीय माश्याही हीच पाच-सातची युक्ती वापरतात असे आढळले. आग्याला मात्र ही अडचणच पडत नाही, कारण तिच्या नरांची आणि कामकऱ्यांची घरे एकाच मापाची असतात.

कोणी म्हणेल की हा सगळा शब्दांचा खेळ आहे. माशीला भूमिती येते म्हणा की स्पर्श कळतो म्हणा, पोळे तेच. मला तसे वाटत नाही. माशीला गणिती म्हटले की आपण परिपूर्ण घर पाहतो आणि पाच बाजूंचे घर दोष म्हणून सोडून देतो. खरे कसब तर त्या घरातच उघडे पडते. मेणाला श्रेय दिले की माशी मजूर होते आणि पोळे म्हणजे थंड झालेला द्रव. दोन्हीकडे पोळ्याची रचना नजरेआड होते, आणि त्याची किंमत नागपूरच्या इमारतींवर मोजली जाते. आग्याच्या पोळ्याला जागेनुसार अर्थ आहे. मध असतो तो आधाराला टेकलेल्या वरच्या भागात, तिथली घरे खोल आणि पोळे जाड. खालचा मोठा, एकसारख्या जाडीचा पडदा अंडी, अळ्या आणि कोषांचा. रात्री मशाल लावून मोहोळ झाडणारा हा सगळा भाग एकदम संपवतो. वर्ध्याला ग्रामोद्योगी मधपाळीचा जुना वारसा आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चाले. त्याच वर्ध्यातल्या सेंटर फॉर बी डेव्हलपमेंट या संस्थेने आणि तिचे गोपाळ पालीवाल यांनी विदर्भातल्या आदिवासी मध काढणाऱ्यांना संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापून घ्यायची, पिलांचा भाग तसाच ठेवायची पद्धत शिकवली. माश्या मरत नाहीत आणि मोहोळ कापलेला भाग पुन्हा भरू शकते. पोळ्याची भूमिती समजून घेतलेली ही सुरी आहे.

आग्या धोकादायक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. डिवचलेल्या मोहोळाच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत, आणि लहान मुले, म्हातारी माणसे राहतात अशा इमारतीत भीती वाटणे साहजिक आहे. पण आग्या कायम राहायला येत नाही. फुलोरा सरला की मोहोळ जागा सोडून जाते आणि पुढच्या हंगामात बरेचदा त्याच जागी परत येते. म्हणून प्रताप नगरातल्या सोसायट्यांना विनंती एवढीच की मोहोळ डिवचू नका, त्याला आग लावू नका, औषध मारू नका. शक्य असेल तिथे हंगाम संपेपर्यंत ती गच्ची किंवा तो सज्जा बंद ठेवा, आणि हलवणे भागच असेल तर जाणकाराला बोलवा. माश्या गेल्यावर मागे राहिलेले रिकामे पोळे खाली पडले, तर ते फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. मधली घरे सहा बाजूंची दिसतील. अगदी कडेच्या, अर्धवट राहिलेल्या घरांकडे लक्ष द्या: त्यांची आतली बाजू, जिथे शेजारी घर आहे, सरळ भिंतींची असते, आणि बाहेरची, जिथे कोणी नव्हते, ती गोल.